वाट वळवणारे फासे

टेबलाभोवती बसून खेळायच्या रोलप्लेइंग गेमची ओळख करून देताना लोक आधी ड्रॅगन दाखवतात. मी आधी शनिवारची संध्याकाळ दाखवेन. नाशिकच्या कॉलेज रोडवर कुणाच्या तरी घरी सातला जमायचं ठरलेलं असतं. साडेसातपर्यंत तिघं येतात, चौथा सातपूरहून 'निघालोच' म्हणत असतो, पाचवीची शिफ्ट ऐनवेळी बदललेली असते. आणि ज्याच्यावर गोष्ट चालवायची जबाबदारी आहे त्याने आठवडाभरात एक ओळही लिहिलेली नसते. हातात तीन तास आहेत, लोक आलेले आहेत, चहा उकळतोय. आता काय, या प्रश्नाचं उत्तर हे पुस्तक शोधतं.

ज्यांनी हा खेळ कधी पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. चार-पाच जण एकेक पात्र घेतात: कुणी वैद्य, कुणी चोर, कुणी छावणीतून पळालेला शिपाई. एक जण सूत्रधार होतो, खेळणारे त्याला डीएम म्हणतात. तो सांगतो, 'तुम्ही घाटाच्या पायऱ्यांवर आहात आणि दिवे गेलेत.' आपलं पात्र त्यावर काय करतं ते बाकीचे सांगतात. निकाल कुणाच्याच हातात नसेल तिथे फासे पडतात. पुढे काय घडणार हे खुद्द सूत्रधारालाही ठाऊक नसलं की तो भेटीचा तक्ता उघडतो. तक्ता म्हणजे आकडे घातलेली यादी. फासा टाकायचा, पडलेल्या आकड्यासमोरची ओळ वाचायची, आणि ती आत्ता, इथे, खरी आहे असं धरून पुढे जायचं. यंत्रणा एवढीच. एवढ्याशा यंत्रणेवर पन्नास वर्षं वाद चाललेत, म्हणून प्रस्तावना जरा लांबली तर वाचकांनी सांभाळून घ्यावं.

खेळाचं मूळ लष्करी आहे. प्रशियाच्या तोफखान्यातला लेफ्टनंट गेओर्ग फॉन राइसविट्झ याने १८२४ मध्ये नकाशा, ठोकळे, फासे आणि एक पंच असा युद्धखेळ सिद्ध केला. गोळा लागला की हुकला हे सेनापतीच्या मर्जीवर सोडायचं नाही, फाशावर सोडायचं, कारण रणात नशीब असतंच. देवळालीला लष्कराचं तोफखाना प्रशिक्षण केंद्र आहे, त्यामुळे हे सगळं एका तोफवाल्याच्या डोक्यातून निघालं याचं आम्हा नाशिककरांना उगाच कौतुक. १८७६ मध्ये फेर्डी दु व्हेर्न्वा या दुसऱ्या प्रशियन अधिकाऱ्याने उलटी बाजू मांडली: नियमांची जाडजूड बाडं कशाला, अनुभवी पंचाने निर्णय द्यावा की झालं. फासा मोठा की पंच, हे भांडण तेव्हापासून मिटलेलं नाही.

पुढे अमेरिकेत डेव्ह आर्नेसन आणि गॅरी गायगॅक्स यांनी १९७४ मध्ये 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' काढला. एका खोक्यात तीन बारीक पुस्तिका. त्यातल्या तिसरीत भुयारात हिंडण्याचे नियम होते: खेळातली दहा मिनिटं सरली की एक फासा टाकायचा, सहा पडला तर कुणीतरी समोर येणार. वरवर पाहता हा त्रास देण्याचा नियम वाटतो. पण त्यामागचा हिशेब बघा. त्या खेळात प्रगती व्हायची ती मुख्यतः खजिना बाहेर आणून. भटकत समोर येणाऱ्यांकडे फारसा खजिना नसे, म्हणजे त्यांच्याशी लढण्यात तोटाच. साहजिकच जो रेंगाळेल त्याचं नुकसान. तासभर, म्हणजे सहा वेळा, फासा टाकला तर एकदा तरी भेट पडण्याची शक्यता सुमारे ६७ टक्के होते. त्यामुळे खेळणारे आपोआप पाय उचलतात, दारं कान लावून ऐकतात, 'आता पुरे, निघूया' म्हणतात. घाई करा असं कुणाला सांगावं लागत नाही.

त्याच पुस्तिकेत आणखी एक छोटा तक्ता आहे, आणि माझ्या मते या खेळाची अर्धी अक्कल त्यात आहे. समोर आलेला कसा वागतो हे दोन फाशांवर ठरवायचं. २ ते ५ पडले तर वैर, ६ ते ८ पडले तर सांगता येत नाही, ९ ते १२ पडले तर मैत्रीचा सूर. छत्तीस शक्यतांपैकी वैराच्या फक्त दहा. ज्या खेळाची ख्याती मारामारीचा म्हणून आहे, त्याच्या मूळ तक्त्यात समोरचा माणूस बहुतेक वेळा बोलायला तयार असतो! पुढच्या पिढ्यांनी हा तक्ता वगळला, भेट म्हणजे लढाई असं समीकरण झालं, आणि भेटीचे तक्ते कंटाळवाणे म्हणून बदनाम झाले.

१९७७ मध्ये मार्क मिलरचा 'ट्रॅव्हलर' आला. त्यात ग्रह, तिथली हवा, लोकसंख्या, कायदेकानू सगळं फाशांवर निघायचं. काम देणारे आश्रयदाते दोन फासे दशक-एकक असे वाचून छत्तीसांतून निवडायचे. १९७९ मध्ये गायगॅक्सने सूत्रधारासाठी लिहिलेल्या जाड ग्रंथाच्या मागच्या परिशिष्टांत तर सगळं भुयारच फाशावर रचता येत होतं, खोली, दार, वळण, सापळा. मग वारं फिरलं. १९८४ पासून 'ड्रॅगनलान्स'सारख्या मालिका आल्या. त्यांत गोष्ट आधीच लिहिलेली, प्रसंग ठरलेले, शेवटही बराचसा ठरलेला. खेळणाऱ्यांनी रुळांवरून चालायचं. त्या गोष्टी वाचायला छान होत्या. खेळायला किती, याबद्दल मला शंका आहे.

हे वळण मराठी माणसाला नवं वाटू नये. विष्णुदास भावे यांनी १८४३ मध्ये सांगलीत 'सीतास्वयंवर' उभं केलं तेव्हा पदं लिहिलेली होती, ती सूत्रधार म्हणे. नटांची भाषणं मात्र लिहिलेली नव्हती. आख्यान ठाऊक, आपलं पात्र ठाऊक, त्यावर उभ्या उभ्या बोलायचं. १८८० मध्ये किर्लोस्करांचं 'शाकुंतल' आलं आणि बांधेसूद संहितेचं राज्य सुरू झालं. कोकणातल्या दशावताराने मात्र ते राज्य पत्करलं नाही. तिथे आजही जत्रेच्या रात्री कथानक ठरतं, पात्रं वाटली जातात आणि संवाद रंगमंचावरच जन्मतात. तमाशातली बतावणीही त्याच जातीची. या मंडळींना पाहून 'हे आयत्या वेळचं, म्हणजे तयारीशिवायचं' असं कुणी म्हणेल तर त्याने दशावतारी नटाच्या डोक्यात किती पुराण भरलंय ते एकदा मोजावं. त्याची तयारी प्रचंड असते, फक्त ती ओळींची नसते. भेटीचा तक्ता ही कागदावर उतरवलेली नेमकी तशी तयारी आहे: काय घडेल हे लिहायचं नाही, काय काय घडू शकतं ते भरून ठेवायचं.

आता भेट म्हणजे काय ते सांगतो, आणि त्यासाठी नाशिक जिल्ह्याबाहेर जायची गरज नाही. वारकरी परंपरा सांगते की विठ्ठलपंत आपल्या कुटुंबासह त्र्यंबकेश्वरी असताना ब्रह्मगिरीच्या प्रदक्षिणेत वाघ समोर आला. पळापळ झाली, निवृत्ती वाट चुकले आणि एका गुहेत शिरले. तिथे गहिनीनाथ होते. तिथे मिळालेला उपदेश निवृत्तिनाथांनी धाकट्या भावाला दिला आणि पुढे शके १२१२ मध्ये ज्ञानेश्वरी झाली. श्रद्धेचा भाग ज्याचा त्याने ठेवावा. गोष्ट सांगणाऱ्याच्या नजरेने पाहिलं तर त्या वाघाने काय केलं? तो कुणाशी लढला नाही, त्याने कुणाला खाल्लं नाही, त्याच्याकडे खजिना नव्हता. त्याने एका मुलाची वाट वळवली, बस्स. तक्त्यातल्या ओळीकडून मला एवढंच हवं असतं. 'चार लांडगे हल्ला करतात' ही ओळ वाट अडवते. 'लांडगे तुमच्या पुढे पळताहेत, मागे वळून बघत' ही ओळ वाट वळवते, कारण आता प्रत्येकाच्या मनात एकच: ते कशाला भ्यालेत?

२००० नंतर तक्त्यांना पुन्हा दिवस आले, आणि त्यांच्यामागे ढोबळमानाने तीन घराणी उभी राहिली. पहिलं जुन्या पद्धतीच्या पुनरुज्जीवनाचं. त्यांचं म्हणणं, तक्ता हे जगाचं वर्णन आहे; या रानात बिबटे जास्त आणि साधू कमी असतील तर ते आकड्यांतून दिसलं पाहिजे, आणि सूत्रधाराने फाशाशी लबाडी करायची नाही. दुसरं घराणं गोष्टीच्या ठिणग्या मागतं. जेसन मॉर्निंगस्टारच्या २००९ मधल्या 'फियास्को'त सूत्रधारच नाही. नाती, हेतू, जागा, वस्तू तक्त्यांतून उचलायच्या आणि सगळ्यांनी मिळून बट्ट्याबोळ करायचा. एकट्याने खेळणारेही याच घराण्यातले: २००३ चं 'मिथिक' किंवा २०१८ चं शॉन टॉमकिनचं 'आयर्नस्वॉर्न' यांत फासा हाच सूत्रधार, त्याला प्रश्न विचारायचे आणि उत्तराचा अर्थ आपण लावायचा. तिसरं घराणं २०१० च्या 'अपोकॅलिप्स वर्ल्ड'पासून फोफावलं. ते म्हणतं, तक्त्याआधी खेळणाऱ्यांना विचारा: 'हा माणूस तुझ्या ओळखीचा आहे. कसा?' उत्तर आलं की गोष्ट त्यांची झाली.

हे पुस्तक तिन्हींकडून उसनं घेतं. मी स्वतः पहिल्या घराण्याचा, म्हणजे फाशाशी लबाडी न करणारा. कारण सांगतो. सूत्रधार मनाने गोष्ट रचतो तेव्हा तो नकळत पक्षपाती होतो. जवळच्या मित्राचं पात्र मरू देत नाही, जो खेळणारा जास्त बोलतो त्याच्याकडेच गोष्ट सरकते, आणि प्रत्येक खलनायक हळूहळू त्याच्या आवडत्या सिनेमातल्यासारखा बोलायला लागतो. फासा ही सवय मोडतो. सूत्रधारालाही टेबलावर पहिल्यांदाच काही कळतं, आणि त्याच्या चेहऱ्यावरचा तो गोंधळ खेळणाऱ्यांना आवडतो.

'स्ट्रेंजर थिंग्ज' (२०१६) या मालिकेने आणि यूट्यूबवर तासन्‌तास चालणाऱ्या खेळांनी हा छंद आपल्याकडच्या कॉलेजांपर्यंत पोचवला. त्याचा एक दुष्परिणाम असा की नवख्यांना वाटतं, सूत्रधार व्हायचं तर आवाज बदलणारा नट आणि हजार पानांचं जग रचणारा लेखक दोन्ही असायला हवं. नोकरी, प्रवास, लहान मूल सांभाळून हे कोण करणार? मग सूत्रधारच मिळत नाही आणि गट मोडतो. दुसरीकडे आता यंत्राला दोन ओळी टाइप करून साहस मागता येतं, ते क्षणात मिळतंही. मी मागून पाहिलंय. मिळालं ते सरासरी जंगल, सरासरी सराई, सरासरी गूढ म्हातारा. त्या म्हाताऱ्याला गंगेवरच्या दशक्रियेचं गाऱ्हाणं नव्हतं की द्राक्षबागेवर पडलेल्या गारांची चिंता नव्हती.

इथे नाशिक जिल्ह्याच्या तक्त्यांच्या या पुस्तकाचं खरं काम सुरू होतं. इंग्रजी पुस्तकांतले तक्ते युरोपच्या रानातले आहेत. गॉब्लिन, सराई, जंगलातला लाकूडतोड्या. आपण ते खेळतो, मजाही येते, पण सूत्रधाराला दरवेळी आठवावं लागतं की सराईत काय शिजत असेल. जागा ओळखीची असली की तो भार उतरतो. यातला रामशेज गडाचा तक्ता उघडा. १६८२ पासून मोगलांचा वेढा, तो वर्षानुवर्षं चाललेला. गडावर लोखंडी तोफा नाहीत म्हणून झाडाचे बुंधे पोखरून केलेल्या लाकडी तोफा. खाली छावणीत एक मांत्रिक सोन्याचा नाग घडवून घेतो, तो हातात धरून पुढे निघतो आणि गडावरून सुटलेल्या गोफणीच्या दगडाने आडवा होतो. हे सगळं मोगल बाजूच्याच खाफीखानाने लिहून ठेवलंय. इतका आयता माल पडलेला असताना गॉब्लिन कशाला हवेत? छावणीत रात्री नाग चोरायला निघालेले तुम्ही, आणि तक्त्यावर पडतो तो सोनार, ज्याने नागात खोट घातलीय आणि जो तुमच्याआधी तो चोरायला आलाय.

मला सर्वांत आवडलेला तक्ता जुन्या नाशकातल्या पुराच्या रात्रीचा आहे. तो दोन फाशांचा आहे, आणि दोन फाशांत ७ छत्तीसांतून सहा वेळा पडतो, तर २ आणि १२ एकेकदाच. पुस्तकाच्या संकलनकर्त्यांनी हे नीट वापरलंय: ७ वर सामान वर चढवणारी माणसं, जी पुरात गल्लोगल्ली दिसतातच, २ वर आणि १२ वर अशा गोष्टी, ज्या घडल्या तर वर्षभर सांगितल्या जातील. १२ वर आहे तिवंधा चौकातली रहाड. पेशवेकाळापासूनचा तो दगडी हौद रंगपंचमीपुरता उघडतो, माणसं धप्पा मारतात, आणि मग तो पुन्हा झाकला जातो. भर श्रावणात त्यावरच्या फळ्या सरकलेल्या दिसतात. कुणी सरकवल्या ते तक्ता सांगत नाही, आणि सांगू नये.

एकदा चालवून बघू. फासे पडले ८: सराफ बाजारात बंद पेढीच्या पायरीवर एक गृहस्थ कंदिलाच्या उबेवर ओल्या वह्या वाळवताहेत. त्यांना काय हवंय याचा दुसरा तक्ता, तिथे ५: साक्षीदार. वागणुकीचे दोन फासे, बेरीज ४: वैर. आता या तीन ओळी एकमेकींना भिडवा. त्यांना साक्षीदार हवाय, पण तुम्हाला पाहून ते भडकलेत. का? टेबलावरून कुणीतरी म्हणतं, 'आपण मगाशी पडवीतून पळत आलो ना, त्यांना वाटलं आपणच चोर.' दुसरी विचारते, 'वहीचं एखादं पान फाटलंय का?' सूत्रधाराने याचा विचारही केलेला नसतो. तो म्हणतो, 'हो. एकच.' गोष्ट सुरू झाली. त्या पानावर कुणाचं गहाण होतं, ते शोधायला गट आता पाण्यात उतरणार आहे.

आणि पाणी वाढतंय. गंगापूर धरणातून विसर्ग सुरू झाला की नाशिककर आकडे नंतर ऐकतात, आधी नदीतल्या मूर्तीबद्दल विचारतात, दुतोंड्या मारुतीच्या कुठवर आलं? तक्त्यात तेच घड्याळ वापरलंय. दर अर्ध्या तासाला एक फासा. ५ किंवा ६ पडला की पाणी एक टप्पा वर, घोटा, गुडघा, कंबर, छाती, गळा. छातीपर्यंत गेलं की सराफ बाजाराची ओळ रद्द, तिथे आता पायी जाताच येत नाही. १९७४ च्या त्या दहा मिनिटांच्या नियमाचं याहून चांगलं मराठी रूप मी पाहिलेलं नाही. २०१६ आणि २०१९ चे पूर ज्यांनी पाहिलेत त्यांना नियम समजावून सांगावा लागत नाही.

पुस्तकाशी माझं भांडणही आहे. भुतं फार आहेत. जुना वाडा आला की जिन्यावर पांढरी साडी, असं किमान चार तक्त्यांत सापडलं. वाड्यात भुतापेक्षा भाडेकरू जास्त गोष्टी देतो. देवस्थानांच्या बाबतीत मात्र संकलनकर्त्यांनी राखलेलं भान मला पटलं: देव तक्त्यात येत नाहीत, देवापुढे आलेली माणसं येतात. रामकुंडावरचा अस्थी घेऊन आलेला परगावचा मुलगा, कुंभातला हरवलेला म्हातारा, सप्तशृंगीला पायी निघालेल्या बायका ज्यांच्यापैकी एकीला परत जायचं नाहीये. शूर्पणखेचा तक्ता संपादनात काढून टाकला म्हणतात. काढला ते बरं केलं, तरी ती पंचवटीतली सर्वांत जुनी अवचित भेट होती आणि तिथे वागणुकीचे फासे फारच वाईट पडले होते, एवढं नोंदवून ठेवतो.

नवख्या सूत्रधाराला चारच गोष्टी सुचवतो. फासा एकदा टाकला की परत टाकू नका. ओळ विचित्र वाटली तर ती का खरी असेल हे टेबलाला विचारा. तीनपेक्षा जास्त ओळी एका वेळी काढू नका, गोष्ट गुदमरते. आणि रात्री उशीर झाला की नवी भेट थांबवून जुन्याच माणसाला परत आणा, वह्या वाळवणाऱ्या गृहस्थांना किंवा त्यांच्या मुलीला. खास वीस बाजूंचे फासे हवेतच असं नाही, घरातल्या लुडोचा फासा आणि शेजाऱ्यांकडून आणलेला दुसरा एवढ्यावर हे सगळं पुस्तक चालतं.

जिल्हा मात्र पुरता आलेला नाही. मालेगावला जेमतेम दोन पानं मिळाली आहेत. यंत्रमागांचा रात्रपाळीचा खडखडाट आणि तिथल्या हौशी लोकांनी स्वतःच्या पैशांनी काढलेले सिनेमे, 'मालेगाव के शोले'सारखे, एवढ्या भांडवलावर एक अख्खं प्रकरण उभं राहिलं असतं. येवल्याचे माग नाहीत, सुरगाणा-पेठकडचा बोहाडा आणि त्याचे मुखवटे नाहीत, मनमाड जंक्शनवर पहाटे तीनला उतरलेले प्रवासी नाहीत. संकलनकर्त्यांना विचारलं तर ते म्हणाले, 'आम्हाला तिथलं पुरेसं माहीत नाही, म्हणून लिहिलं नाही.' उत्तर प्रामाणिक आहे, पण दुसरी आवृत्ती निघण्याआधी मनमाडचा कुणी रेल्वेवाला गाठून त्याच्याकडून बारा ओळी लिहून घ्यायला काय हरकत आहे?